लढाऊ विमान बेपत्ता होतं म्हणजे नेमकं काय होतं?

२३ मे २०१७. सकाळी साडेदहाच्या सुमारास आसाममधल्या तेजपूरच्या हवाई तळावरून सुखोई-३० विमानं रोजच्या सरावासाठी निघाली. दोन विमानांची ती जोडी होती. अकरानंतर त्यातल्या एका विमानाचा रेडिओ गप्प झाला आणि रडारवरचा ठिपकाही गेला. शेवटची नोंद तेजपूरच्या वायव्येला साधारण ६० किलोमीटरवरची होती, आसाम-अरुणाचलच्या सीमेजवळची. आत दोन वैमानिक होते. अवशेष सापडले २६ मे रोजी, घनदाट जंगलात.

साठ किलोमीटर म्हणजे या विमानासाठी चार मिनिटांचं अंतर. तरी तिथवर पोचायला तीन दिवस लागले. अशी बातमी आली की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: खिशातला फोन हरवला तर नकाशावर दिसतो, आणि २२ मीटर लांबीचं, दोन इंजिनांचं विमान दिसत नाही? प्रश्न अगदी रास्त आहे. फक्त त्यामागे एक गृहीतक दडलेलं आहे. विमानावर कोणीतरी सतत नजर ठेवून असतं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बराच वेळ विमानच आपला ठावठिकाणा सांगत असतं. त्याने सांगणं थांबवलं की खाली उरतो तो अंदाज.

हजेरी आणि विजेरी

रडार दोन प्रकारे काम करतं. पहिला प्रकार अंधारात विजेरी मारण्यासारखा. रेडिओ लहरी सोडायच्या, त्या एखाद्या वस्तूवर आपटून परत आल्या की तिथे काहीतरी आहे हे कळतं. काय आहे, कोणाचं आहे, हे मात्र त्यातून नीट कळत नाही.

दुसरा प्रकार वर्गातल्या हजेरीसारखा. जमिनीवरून प्रश्न जातो आणि विमानातलं एक यंत्र आपणहून उत्तर देतं: मी अमुक, माझी उंची तमुक. या यंत्राला ट्रान्सपॉन्डर म्हणतात. नागरी विमानांची वाहतूक मुख्यतः या हजेरीवर चालते. इंटरनेटवरच्या नकाशांवर पिवळी विमानं सरकताना दिसतात, तीही स्वतःच आपला पत्ता प्रसारित करत असतात.

लढाऊ विमानाचं सगळं याच्या उलट. ते घडवलंच जातं ओळखू न येण्यासाठी. वैमानिक ट्रान्सपॉन्डर बंद करू शकतो, सार्वजनिक नकाशावर विमानाने दिसावं अशी सक्ती नसते आणि युद्धात तर गप्प राहण्यातच जीव वाचतो. एफ-३५ सारख्या विमानाचा आकार आणि वरचा लेपसुद्धा विजेरीचा उजेड परतू नये अशाच बेताने केलेला असतो. म्हणून शांततेच्या काळात अशा विमानांवर बरेचदा रडारच्या लहरी मुद्दाम परतवणारे छोटे उंचवटे बसवतात, निदान आपल्या लोकांना तरी ते दिसावं म्हणून!

दुसरी अडचण पृथ्वीच्या गोलाईची. रडारच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि जमीन मात्र पुढे वाकत जाते. रडार जमिनीलगत आहे असं धरलं, तर १० किलोमीटर उंचीवरचं विमान साधारण ४०० किलोमीटरपर्यंत दिसू शकतं. तेच विमान १०० मीटरवर उतरलं की ४० किलोमीटरच्या पलीकडे दिसेनासं होतं. हे हिशेब सपाट मुलखाचे किंवा समुद्राचे. मध्ये डोंगर असेल तर डोंगरामागे काहीच दिसत नाही, आणि अरुणाचलात डोंगरांना काय तोटा!

म्हणजे ‘रडारवरून गायब झालं’ या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘ते खाली गेलं’ एवढाच असतो. त्यात गूढ काही नाही. खाली का गेलं, हा खरा प्रश्न.

सराव म्हणजे शिकाऊ नव्हे

‘प्रशिक्षण उड्डाणावर असताना’ असं वाचलं की डोळ्यांपुढे नवखा मुलगा येतो. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण युद्ध नसताना हवाई दलाची बहुतेक उड्डाणं सरावाचीच असतात. वीस वर्षं विमान चालवणारा अधिकारीही रोज सरावालाच जातो, जसा नावाजलेला गवई रोज रियाजाला बसतो. फरक एवढाच, की इथे रियाज ताशी हजार किलोमीटरच्या वेगाने, कधी रात्री, कधी डोंगरांच्या मधून आणि कधी एकमेकांवर खोटे हल्ले चढवत होतो. तो मुद्दामच अवघड ठेवलेला असतो. सोप्या सरावाचा युद्धात उपयोग काय?

९ एप्रिल २०१९ ची जपानमधली घटना पाहा. संध्याकाळी सातच्या सुमारास मिसावा तळावरून चार एफ-३५ए विमानं पॅसिफिकवर सरावाला निघाली. त्यांचं नेतृत्व चाळिशीतल्या एका मेजरकडे होतं. एकूण उड्डाणाचा अनुभव सुमारे ३,२०० तास, पण या नव्या विमानावर फक्त ६० तासांच्या आसपास. अर्ध्या तासात त्यांचं विमान तळाच्या पूर्वेला सुमारे १३५ किलोमीटरवर रडारवरून नाहीसं झालं.

जपानच्या हवाई दलाने पुढे शेवटच्या क्षणांचा जो तपशील दिला, तो वाचताना घशाला कोरड पडते. विमान सुमारे ३१,५०० फुटांवर होतं. दुसऱ्या एका विमानापासून अंतर राहावं म्हणून खाली येण्याची सूचना मिळाली, वैमानिकाने होकार दिला. विमान वळत खाली येऊ लागलं. वीसेक सेकंदांत ते १५,५०० फुटांवर आलं. याच सुमारास रेडिओवर त्यांचा आवाज आला, सराव थांबवत असल्याचा. आवाज शांत होता. त्यानंतर पंधराएक सेकंदांत विमान हजार फुटांच्याही खाली, ताशी १,१०० किलोमीटरहून जास्त वेगाने. मग काहीच नाही.

आसन झटकून बाहेर पडण्याचा, म्हणजे इजेक्शनचा, प्रयत्न झाल्याचं चिन्ह नव्हतं. विमान वर खेचण्याचीही धडपड दिसली नाही. दोन महिन्यांनी चौकशीचा निष्कर्ष आला: वैमानिकाला दिशाभ्रम झाला असावा. म्हणजे आपण समुद्राच्या दिशेने कोसळतोय, हे कदाचित त्यांना शेवटपर्यंत जाणवलंच नसेल.

अनुभवी माणसाला वर-खाली कळत नाही?

कळत नाही, आणि कोणालाच कळत नाही. खात्री करायची असेल तर फिरत्या खुर्चीत बसा, डोळे गच्च मिटा आणि कोणाला तरी खुर्ची एकसारख्या वेगाने हळूहळू फिरवायला सांगा. सुरुवातीला फिरल्याचं जाणवेल. थोड्या वेळाने वाटेल, खुर्ची थांबली. आता ती खरोखर थांबवली, की तुम्ही छातीठोकपणे सांगाल, खुर्ची उलटी फिरतेय!

याचं कारण कानाच्या आतल्या भागात आहे. तिथे तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो, तिथल्या सूक्ष्म केसांना वाकवतो, आणि मेंदूला वळल्याचा निरोप जातो. पण वळण एकसारखं चालू राहिलं की द्रवही नळीच्या वेगाने फिरू लागतो, केस सरळ होतात आणि निरोप बंद पडतो. वळण फारच सावकाश असेल तर निरोप मुळात जातच नाही. जमिनीवर हे आपल्याला बाधत नाही, कारण डोळे लगेच चूक दुरुस्त करतात. स्टेशनात शेजारची गाडी सुटली की आपलीच सुटल्यासारखं वाटतं, आणि पलीकडचा खांब जागच्या जागी दिसला की भ्रम जातो.

रात्री समुद्रावर तो खांबच नसतो. क्षितिज नाही, खाली काळं, वर काळं. मासेमारी होड्यांचे दिवे चांदण्यांसारखे दिसू शकतात. ढगात शिरलेल्या विमानातही तीच गत. शिवाय विमान वेग घेतं तेव्हा पाठ आसनात रुतते आणि नाक वर उचललं गेल्याचा भास होतो. वैमानिक सावरायला म्हणून नाक खाली करतो, आणि विमान सरळ जमिनीकडे निघतं.

यावर उतारा एकच, समोरच्या उपकरणांवर विश्वास ठेवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण अख्खं शरीर ‘तू सरळ आहेस’ म्हणून ओरडत असताना समोरचं यंत्र ‘तू उलटा आहेस’ सांगतं, तेव्हा शरीराला खोटं ठरवायला काही सेकंद जातात. मिसावाच्या वैमानिकाकडे सगळे मिळून ३५ सेकंद होते.

दिशाभ्रम हे अर्थात एक कारण झालं. जोरदार वळणात रक्त पायांकडे ओढलं जाऊन क्षणभर शुद्ध हरपते, इंजिन बंद पडतं, पक्षी आदळतो, दोन विमानं एकमेकांवर येतात. यातल्या बहुतेकांत एक गोष्ट समान असते: मदत मागायला वेळच उरत नाही.

साठ किलोमीटरवरचं शोधायला तीन दिवस का?

इथे जरा आकडेमोड करू. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरा, म्हणजे मिनिटाला १५. शेवटचा ठिपका दिसल्यावर विमान आणखी पाच मिनिटं उडत राहिलं असेल, पण कोणत्या दिशेने ते ठाऊक नसेल, तर ते ७५ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही पडलेलं असू शकतं. या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे १७,७०० चौरस किलोमीटर. संपूर्ण गोवा राज्य जेमतेम ३,७०० चौरस किलोमीटरचं आहे. पाच मिनिटांच्या अज्ञानाची किंमत पावणेपाच गोवे!

आणि शोधायचं असतं ते अख्खं विमान नव्हेच. त्या वेगाने डोंगरावर आदळलेल्या विमानाचं काही ओळखू येईल असं फारसं उरत नाही. वरून हिरवं छत आणि त्यात कुठेतरी मोडलेल्या फांद्यांचा, जळलेल्या झाडांचा एक डाग. तो शोधायला हेलिकॉप्टर खाली उतरवावं लागतं, आणि ढग दरीत बसले असतील तर हेलिकॉप्टरला उडताच येत नाही. २०१७ च्या त्या शोधातही पाऊस आणि ढग आडवे आलेच.

जून २०१९ मध्ये जोरहाटहून अरुणाचलमधल्या मेचुकाला निघालेलं हवाई दलाचं एएन-३२ असंच नाहीसं झालं. ते मालवाहू विमान होतं, लढाऊ नव्हे, पण मुलूख तोच. आत १३ जण होते. नौदलाचं गस्ती विमान, इस्रोचे उपग्रह, हेलिकॉप्टरं, लष्कराच्या तुकड्या, स्थानिक लोक, सगळे कामाला लागले. माहिती देणाऱ्याला पाच लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं. तरी आठ दिवस गेले. अवशेष सुमारे १२,००० फुटांवर, उभ्या कड्यावर होते.

“पण उपग्रह आहेत ना?”

आहेत. त्यांची कामं मात्र दोन निराळी आहेत आणि बातम्यांत त्यांची सरमिसळ होते.

छायाचित्रं घेणारा उपग्रह एका जागी टक लावून बसलेला नसतो. तो ठरल्या वेळी वरून जातो, तेव्हा खाली ढग असतील तर ढगांचंच छायाचित्र मिळतं. रडार असलेला उपग्रह ढगांतून पाहू शकतो, पण दाट झाडीखालचा धातूचा तुकडा त्यातून हुडकणं सोपं नाही.

दुसरं काम हाक ऐकण्याचं. विमानात किंवा वैमानिकाच्या आसनाबरोबर एक छोटं यंत्र असतं, त्याला बीकन म्हणतात. अपघात होताच ते ४०६ मेगाहर्ट्झवर हाक देऊ लागतं. अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी शीतयुद्ध चालू असतानाच मिळून उभी केलेली एक उपग्रह यंत्रणा ही हाक ऐकते. भारतात ती बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात पोचते. दोन शत्रूंनी मिळून एवढं चांगलं काम केल्याचं उदाहरण विरळाच, असो. अडचण अशी, की हाक द्यायला बीकन आधी शाबूत राहिला पाहिजे, त्याची अँटेना तुटता कामा नये आणि तिच्यापुढे आकाश मोकळं हवं. आसनाबरोबर बाहेर पडणारा बीकन वैमानिक बाहेर पडला तरच जागा होतो. २०१७ च्या सुखोईतल्या वैमानिकांना इजेक्शन करताच आलं नव्हतं, असं हवाई दलाने नंतर सांगितलं.

आणि विमान समुद्रात बुडालं तर? खाऱ्या पाण्यातून रेडिओ लहरी जवळजवळ जातच नाहीत. बीकन चालू असला तरी मुका. पाण्यात चालतो तो आवाज. म्हणून नागरी विमानांच्या ब्लॅक बॉक्सला (रंगाने तो नारिंगी असतो, हे एव्हाना सर्वांना माहीत झालंय) टिकटिक करणारं यंत्र जोडतात. त्याची बॅटरी काही आठवडे चालते आणि आवाज काही किलोमीटरच पोचतो. मिसावाच्या विमानाच्या शेपटीचे तुकडे त्याच रात्री तरंगताना मिळाले, पण बाकीचं सुमारे १,५०० मीटर खोल गेलं होतं. उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या यंत्राचे भाग पुढे मिळाले, तेव्हा त्यातली स्मृतीच शिल्लक नव्हती. वर दिलेला सेकंदासेकंदाचा तपशील मुख्यतः जमिनीवर पोचलेल्या नोंदींतून आणि रेडिओ संभाषणातून जुळवलेला आहे.

“वैमानिकानेच पळवलं असेल तर?”

ही शंका हसण्यावारी नेता येत नाही, कारण असं घडलेलं आहे. ६ सप्टेंबर १९७६ रोजी व्हिक्टर बेलेंको हा सोव्हिएत वैमानिक सरावाच्या उड्डाणावर निघाला, रडारच्या नजरेखाली उतरला आणि समुद्र ओलांडून जपानमधल्या हाकोदातेच्या नागरी विमानतळावर मिग-२५ घेऊन उतरला. धावपट्टी अपुरी पडली, विमान पुढे घसरत गेलं. त्याला अमेरिकेत आश्रय मिळाला. विमान तज्ज्ञांनी सुटं करून तपासलं आणि मग ३० खोक्यांत भरून सोव्हिएत संघाला परत पाठवलं.

१९९७ मधलं अमेरिकेचं प्रकरण जास्त अस्वस्थ करणारं. ॲरिझोनाहून तीन ए-१० विमानं बाँबफेकीच्या सरावाला निघाली. त्यातलं एक रांगेतून फुटलं, ट्रान्सपॉन्डर बंद झाला आणि ते उत्तरेला शेकडो किलोमीटर जाऊन कोलोरॅडोतल्या बर्फाळ शिखरावर आदळलं. सापडायला जवळपास तीन आठवडे लागले. वैमानिकाने आत्महत्या केली असावी, असा हवाई दलाचा निष्कर्ष होता. विमानावरचे चार बाँब मात्र मिळालेच नाहीत.

उलटही होतं, वैमानिक खाली आणि विमान वर! ४ जुलै १९८९ रोजी पोलंडमध्ये सरावादरम्यान मिग-२३ चं इंजिन दगा देतंय असं वाटून सोव्हिएत वैमानिकाने उडी घेतली. इंजिन पुन्हा सावरलं. रिकामं विमान सुमारे ९०० किलोमीटर उडत बेल्जियमपर्यंत गेलं आणि इंधन संपल्यावर एका घरावर पडलं. घरातला तरुण मारला गेला. त्याआधी १९७० मध्ये अमेरिकेत मॉन्टानात गरगरणाऱ्या एफ-१०६ मधून वैमानिक बाहेर पडला, तर विमान आपोआप सावरून बर्फाच्या शेतात पोटावर अलगद उतरलं.

अगदी अलीकडचं म्हणजे १७ सप्टेंबर २०२३. अमेरिकेत साउथ कॅरोलायनात खराब हवेत एफ-३५बी मधून वैमानिक बाहेर पडला आणि एका घराच्या परसात उतरला. विमान त्याच्याविना आणखी ११ मिनिटं उडत राहिलं. ट्रान्सपॉन्डर चालू नव्हता. शेवटी जवळच्या तळाने समाजमाध्यमांवर लोकांना विचारलं, कोणाला आमचं विमान दिसलं का? जगभर थट्टा झाली. पण वरची आकडेमोड आठवा: ११ मिनिटं, दिशा अनिश्चित, आणि मुळात रडारला दिसू नये म्हणून बांधलेलं विमान. विचारलं यात चूक काहीच नव्हती. दुसऱ्या दिवशी अवशेष सापडले.

ही प्रकरणं लक्षात राहतात ती विरळा आहेत म्हणून. नेहमीची गोष्ट फार साधी असते. विमान शेवटच्या ठिपक्याच्या आसपासच पडलेलं असतं आणि तिथे पोचणं कठीण असतं.

“मग सैन्य गप्प का बसतं?”

थोडं लपवण्यासाठीच, हे मान्य करायला हवं. लढाऊ विमानाचे अवशेष म्हणजे गुपितं असतात. मिसावाच्या समुद्रात शोध चालू असताना ते तुकडे रशिया किंवा चीनच्या हाती लागतील का, याची उघड चर्चा होती. बेलेंकोच्या विमानाचं काय झालं ते सर्वांना ठाऊक आहेच. भारतात अशा अपघातांची ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’, म्हणजे सैन्याची अंतर्गत चौकशी, होते, पण तिचा पूर्ण अहवाल सहसा लोकांपुढे येत नाही. माझ्या मते यात गुप्ततेइतकाच सवयीचाही भाग आहे. तांत्रिक गुपितं काढून टाकून कारणं सांगता येतात, जपानने ते करून दाखवलं. मोकळी राहिलेली जागा अफवा भरून काढतात: शत्रूने पाडलं, सायबर हल्ला झाला, उडती तबकडी आली.

‘बर्म्युडा ट्रँगल’ची दंतकथा बऱ्याच अंशी अशाच एका सरावावर पोसली गेली. ५ डिसेंबर १९४५ रोजी अमेरिकी नौदलाची पाच ॲव्हेंजर विमानं १४ जणांसह फ्लोरिडाहून निघाली आणि परतली नाहीत. रेडिओवरचं बोलणं नोंदलेलं आहे. होकायंत्रं बिघडल्याचं म्हणत आपण भलत्याच बेटांवर आहोत अशी तुकडीच्या म्होरक्या वैमानिकाची समजूत झाली होती, हवा बिघडत होती, अंधार पडला, इंधन संपत आलं. एवढं माहीत असूनही अवशेष न मिळाल्याने लोकांनी कथा रचल्या.

घरच्यांसाठी

हवाई दलाच्या कागदांवर ‘बेपत्ता’ हा नेमक्या अर्थाचा शब्द आहे. जिवंत असल्याचा पुरावा नाही आणि मृत्यूचाही नाही. तो बदलायला पुरावा लागतो, म्हणून अधिकारी पहिल्या दिवशी काही बोलत नाहीत. तेजपूरच्या सुखोईचे अवशेष २६ मे रोजी मिळाले, ब्लॅक बॉक्स २८ ला, आणि दोन्ही वैमानिक गेल्याचं जाहीर झालं ३१ ला. नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्याजवळ अरबी समुद्रात नौदलाचं मिग-२९के कोसळलं, तेव्हा एक वैमानिक लगेच वाचवला गेला. दुसऱ्याचा मृतदेह ११ दिवसांनी, सुमारे ७० मीटर खोल समुद्रतळाशी मिळाला.

चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ बंगालच्या उपसागरावर २२ जुलै २०१६ रोजी हरवलं होतं. आत २९ जण होते. काही आठवड्यांनी त्यांना मृत मानण्यात आलं, पण विमान मिळालं नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या एका स्वयंचलित पाणबुड्या यंत्राने ३,४०० मीटर खोलीवरून काही छायाचित्रं वर आणली. त्यांत विमानाचे तुकडे होते. त्या भागात दुसरं कुठलं विमान हरवल्याची नोंद नव्हती. मधे साडेसात वर्षं गेली होती.